‘पेमेंट सक्सेसफुल’ दिसले, म्हणजे पैसे आले का?

वाचकांचे प्रश्न : सॉफ्टवेअर, वेब सुरक्षा आणि ऑनलाइन बँकिंग

कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत. विषय वेगवेगळे असले तरी बहुतेकांचे दुखणे एकच आहे. पडद्यावर दिसले ते खरे धरले आणि हिशेब जिथे लिहिला जातो तिथे कोणी पाहिलेच नाही.

प्रश्न : माझ्या बँकेच्या वेबसाइटचा पत्ता पूर्वी ‘डॉट कॉम’ने संपायचा. आता तोच टाइप केला की ‘डॉट बँक डॉट इन’ असलेले पान उघडते. ब्राउझरमधले ओळखीचे कुलूपही दिसत नाही. साइट बनावट तर नाही ना?
— निवृत्त शिक्षिका, राजारामपुरी

बाई, पत्ता बदलला तो रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून. २२ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकात सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’वर जायला सांगितले होते. ‘डॉट कॉम’चा पत्ता कोणीही घरबसल्या थोडक्या पैशात विकत घेतो, नाव-गाव कोणी विचारत नाही. ‘डॉट बँक डॉट इन’चे तसे नाही. तो पत्ता नोंदवण्याचे काम फक्त आयडीआरबीटी या हैदराबादच्या संस्थेकडे आहे आणि तो बँकांनाच मिळतो. त्यामुळे हा बदल तुमच्या फायद्याचाच आहे, पण पत्ता नीट वाचता आला तरच.

पत्ता उजवीकडून डावीकडे वाचायचा. सुरुवातीच्या ‘एचटीटीपीएस’नंतर येणाऱ्या दोन तिरक्या रेघा सोडून द्या. त्यानंतर जी पहिली एकटी तिरकी रेघ येईल तिथे थांबा आणि मागे या. रेघेला लागून ‘इन’, त्याआधी ‘बँक’, त्याआधी तुमच्या बँकेचे नाव, असा क्रम हवा. भामटे नेमकी इथेच चलाखी करतात. ‘तुमचीबँक डॉट बँक डॉट इन डॉट केवायसी-अपडेट डॉट टॉप’ असा लांबलचक पत्ता पाठवतात. डावीकडून वाचणाऱ्याला आधी बँकेचे नाव दिसते आणि तो निश्चिंत होतो. पण या पत्त्याचा मालक आहे ‘केवायसी-अपडेट डॉट टॉप’वाला, डावीकडचे बाकी सगळे त्याने स्वतःच्या मर्जीने लिहिले आहे. टिंबांऐवजी आडव्या रेघा वापरून ‘तुमचीबँक-बँक-इन डॉट कॉम’ असाही पत्ता करता येतो. मोबाइलवर पट्टी अरुंद असल्याने पत्ता कापला जातो, म्हणून पट्टीवर बोट टेकवून पूर्ण पत्ता उघडून पाहा.

आता कुलूप. क्रोम ब्राउझरने सप्टेंबर २०२३ मधल्या ११७ व्या आवृत्तीपासून ते काढून टाकले आणि ते बरेच झाले. कुलपाचा अर्थ एवढाच होता की तुमचा फोन आणि समोरचा सर्व्हर यांच्यातले बोलणे मध्ये कोणाला वाचता येत नाही आणि पट्टीत दिसतो तो पत्ता त्याच सर्व्हरचा आहे. लाखेची मोहोर लावलेले पाकीट वाटेत कोणी फोडले नाही हे मोहोर सांगते, पाठवणारा सज्जन आहे की लबाड हे सांगत नाही. हे प्रमाणपत्र आज फुकट मिळते आणि काही मिनिटांत मिळते, त्यामुळे बनावट साइटवरही ते असतेच. इतकी वर्षे ‘कुलूप बघा, मग व्यवहार करा’ असे सांगितले गेले. तो सल्ला आता सोडून द्यायला हवा.

बँकेच्या शाखेतून किंवा पासबुकावरून पत्ता घ्या, एकदा स्वतः टाइप करा, बुकमार्क करून ठेवा आणि दरवेळी तिथूनच उघडा. गूगलवर बँकेचे नाव शोधून पहिल्या ओळीवर बोट ठेवू नका. पहिल्या ओळी पुष्कळदा जाहिरातीच्या असतात. ‘कस्टमर केअर’चा नंबर तर तिथून मुळीच घेऊ नका, तो डेबिट कार्डाच्या मागे छापलेला असतो.

प्रश्न : चप्पल लाईनला आमचे कोल्हापुरी चपलांचे दुकान आहे. वेबसाइट करून घेतली, पेमेंट गेटवेही (ऑनलाइन पैसे स्वीकारून देणारी सेवा) जोडला. गेल्या महिन्यात काही ऑर्डरी ‘पेड’ दिसल्या, माल पाठवला, पण खात्यावर पैसेच नाहीत. उलट दोघा गिऱ्हाइकांचे पैसे कापले गेले आणि ऑर्डर आलीच नाही. वेबसाइट करणारा म्हणतो, चूक गेटवेची आहे. खरे काय?
— चप्पल व्यावसायिक, कोल्हापूर

दोन्ही तक्रारींचे मूळ जवळजवळ नक्की एकच आहे आणि ते तुमच्या वेबसाइटमध्ये आहे. खातरजमा तुम्ही स्वतः पाच मिनिटांत करू शकता. एक खरी ऑर्डर पैसे भरून पूर्ण करा आणि शेवटी ‘धन्यवाद’चे पान येते त्याचा पूर्ण पत्ता उतरवून घ्या. त्यात कुठेतरी ऑर्डरचा क्रमांक असेल. आता दुसरी ऑर्डर टाका, गेटवेच्या पानापर्यंत जा, पैसे न भरता ते पान बंद करा. मग आधीच्या पत्त्यात या नव्या ऑर्डरचा क्रमांक घालून तो हाताने उघडा. तुमच्या यादीत ही ऑर्डर ‘पेड’ झाली, तर रोग सापडला. ‘धन्यवाद’चे पान कोणी उघडले एवढ्यावरच तुमची साइट पैसे मिळाल्याची नोंद करते आहे. ते पान गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमध्ये उघडते आणि ब्राउझर गिऱ्हाइकाच्या ताब्यात असतो, तो वाटेल ते उघडू शकतो.

दुसऱ्या तक्रारीचेही कारण हेच. गिऱ्हाइकाने यूपीआयने पैसे दिले, तेवढ्यात फोन आला, ब्राउझर मागे पडून बंद झाला. पैसे गेले, पण ‘धन्यवाद’चे पान उघडलेच नाही, म्हणून नोंदही नाही.

हे काम कसे व्हायला हवे ते सविस्तर देतो. हा भाग वेबसाइट करणाऱ्यापुढे ठेवा.

गिऱ्हाइकाने ‘पैसे भरा’ दाबले की रक्कम तुमच्या सर्व्हरने स्वतःच्या डेटाबेसमधून काढायची. ब्राउझरने पाठवलेली रक्कम कधीही घ्यायची नाही. पानाच्या लपलेल्या रकान्यात ₹१,८५० लिहिले असेल तर ब्राउझरचे डेव्हलपर टूल उघडून त्याचा ₹१ करायला प्रोग्रामर असावे लागत नाही. ब्राउझरने फक्त कुठली चप्पल, कुठले माप, किती जोड एवढेच सांगावे. रक्कम पैशांत आणि पूर्णांकात ठेवावी, ₹१,८५० म्हणजे १,८५,००० पैसे. बहुतेक गेटवे पैशांतच मागतात. दशांश अपूर्णांक वापरले की घोळ होतो. जावास्क्रिप्टमध्ये १९.९९ ला १०० ने गुणून पाहा, १९९९ येत नाही, १९९८.९९९९ असे काहीतरी येते. अपूर्णांक छाटला की एक पैसा कमी होतो आणि ताळमेळ बसत नाही.

त्यानंतर सर्व्हर गेटवेकडे ऑर्डर तयार करतो, गेटवे एक क्रमांक देतो. पेमेंट झाले की गेटवेकडून ब्राउझरमार्फत ऑर्डर क्रमांक, पेमेंट क्रमांक आणि एक सही परत येते. ही सही एचएमएसी-एसएचए२५६ पद्धतीने, फक्त तुम्हाला आणि गेटवेला माहीत असलेल्या गुप्त चावीने काढलेली असते. सर्व्हरने तीच सही स्वतः काढून ताडून पाहायची. जुळली नाही तर ऑर्डर ‘पेड’ करायची नाही. ही गुप्त चावी जावास्क्रिप्टच्या फाइलमध्ये किंवा गिटहबवरच्या उघड्या कोडमध्ये असता कामा नये. तशी असेल तर चावी आजच बदलून घ्या. नुसती फाइल पुसून भागत नाही, जुन्या आवृत्त्यांत ती राहतेच.

आणि खरी भिस्त ठेवायची ती वेबहुकवर. वेबहुक म्हणजे पैसे मिळाले की गेटवेचा सर्व्हर थेट तुमच्या सर्व्हरला कळवतो, मध्ये गिऱ्हाइकाचा ब्राउझर येत नाही. गिऱ्हाइकाचा फोन बंद पडला तरी निरोप येतो. या निरोपालाही सही असते आणि इथे एक चूक नेहमी होते. सही निरोपाच्या मूळ मजकुरावर, जसा आला तशा अक्षरांवर काढलेली असते. प्रोग्रामर आधी त्याचे जेसॉन (निरोप ज्या साच्यात येतो तो) उलगडतो, पुन्हा बांधतो आणि मग सही ताडतो. मधल्या मध्ये एखादी जागा किंवा शून्य बदलते, सही जुळत नाही, आणि वैतागून तो तपासणीच काढून टाकतो. तपासणी काढलेला वेबहुक म्हणजे उघडे दार. तो पत्ता ज्याला समजेल तो ‘पैसे मिळाले’ असा निरोप स्वतःच पाठवेल.

एकच निरोप दोनदाही येतो. तुमच्या सर्व्हरने वेळेत पोच दिली नाही तर गेटवे पुन्हा पाठवतो. म्हणून पेमेंट क्रमांकाच्या रकान्याला डेटाबेसमध्ये ‘युनिक’ची, म्हणजे एक क्रमांक एकदाच नोंदला जाईल अशी, अट घाला, म्हणजे एका पेमेंटवर दोन जोड जाणार नाहीत. निरोपातली रक्कम आणि ऑर्डरची रक्कम सारखी आहे का तेही बघा. ‘ऑथराइज्ड’ आणि ‘कॅप्चर्ड’ या दोन अवस्थांत गल्लत करू नका. पहिलीत पैसे फक्त अडकवून ठेवलेले असतात. मुदतीत कॅप्चर केले नाहीत, म्हणजे प्रत्यक्ष उचलले नाहीत, तर ते गिऱ्हाइकाला परत जातात, आणि तुमचा माल मात्र गेलेला असतो.

कोड कितीही चांगला लिहिला तरी रोजचे एक काम सुटत नाही. गेटवेचा सेटलमेंटचा तक्ता, बँकेत जमा झालेली रक्कम आणि आपल्या ‘पेड’ ऑर्डरी या तिन्हींचा मेळ घाला. गेटवे आपले शुल्क आणि त्यावरचा जीएसटी कापून एकरकमी पैसे जमा करतो, त्यामुळे नुसते पासबुक बघून एकेक ऑर्डर जुळत नाही. फरक दिसला तर माल पाठवण्याआधीच दिसला पाहिजे.

जाता जाता आणखी एक गोष्ट तपासा. ‘धन्यवाद’च्या पत्त्यातला १०५ खोडून १०४ केल्यावर दुसऱ्या गिऱ्हाइकाचे नाव, पत्ता, फोन दिसतो का? दिसत असेल तर ते आधी बंद करा, बाकीचे नंतर. आणि गिऱ्हाइकांचे कार्ड नंबर तुमच्या डेटाबेसमध्ये साठवले असतील तर पुसून टाका. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला कार्डाचा पूर्ण नंबर साठवून ठेवता येत नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे कार्ड नंबराच्या जागी दिलेला पर्यायी क्रमांक, वापरायचे असते.

प्रश्न : गिऱ्हाईक फोनवर ‘पेमेंट सक्सेसफुल’ दाखवते, हिरवी टिकली, आवाज, सगळे असते. गर्दीच्या वेळी प्रत्येकाचे तपासत बसायचे का?
— किराणा व्यापारी, शाहूपुरी

गिऱ्हाइकाच्या फोनकडे बघूच नका. हुबेहूब तसा पडदा आणि तसाच आवाज देणारी बनावट ॲप आहेत. बोलायचा तो तुमचा साउंडबॉक्स किंवा दिसायचा तो तुमच्या स्वतःच्या ॲपमधला व्यवहारांचा इतिहास. शंका आली तर गिऱ्हाइकाकडून १२ आकडी यूटीआर क्रमांक, म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक, घ्या आणि आपल्या इतिहासात शोधा. नेट गेले म्हणून साउंडबॉक्स गप्प असेल तर बँकेचा जमेचा एसएमएस बघा, पण तोही बँकेच्या शीर्षकाने आलेला हवा. दहा आकडी मोबाइल नंबरावरून आलेला ‘जमा झाले’चा मेसेज बँकेचा नसतो.

पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. कोणी ‘पैसे पाठवतोय, पिन टाका’ म्हणाले की समजावे, पैसे तुमच्या खात्यातून जाणार आहेत. व्यक्तीने व्यक्तीकडे पैसे मागण्याची ‘कलेक्ट’ची सोय यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली, त्यामुळे हा प्रकार कमी झाला. क्यूआर कोड स्कॅन करायला लावून तोच डाव अजून खेळला जातो. गल्ल्यावर चिकटवलेल्या तुमच्या क्यूआर कोडावर कोणी दुसरा चिकटवला नाही ना, हे रोज दुकान उघडताना नखाने कड उचकटून बघा.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर ‘तुमच्या गाडीचे ई-चलन’ म्हणून फाइल आली. उघडली, इन्स्टॉल झाली, मग गायब झाली. अजून पैसे गेलेले नाहीत. काय करू?
— तरुण वाचक, कागल

पैसे गेले नसतील तर वेळ हातात आहे, ती घालवू नका. पहिली गोष्ट, फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि वायफाय वेगळे बंद झाले आहे ना ते बघा. अशा ॲपचे काम तुमचे एसएमएस वाचून पुढे पाठवणे हे असते. नेट आणि सिम दोन्ही बंद झाले की ओटीपी पुढे जात नाही.

दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन करून नेटबँकिंग, यूपीआय आणि कार्ड तात्पुरते बंद करून घ्या. सगळ्या बँकांचे, फक्त मोठ्या खात्याचे नव्हे. वडिलांच्या ऊसबिलाच्या खात्याला तुमचा नंबर जोडलेला असेल तर तेही. पैसे गेल्याचे दिसले तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर फोन. खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि यूटीआर जवळ ठेवा. ‘आधी बँकेत जाऊन विचारतो’ म्हणून शाखा उघडायची वाट बघू नका. चोरलेले पैसे काही मिनिटांत एका खात्यातून चार खात्यांत फिरतात, आणि ते बँकिंग यंत्रणेत आहेत तोवरच गोठवता येतात.

मग फोन साफ करा. ॲपने आयकॉन लपवला असला तरी सेटिंग्जमधल्या ॲपच्या पूर्ण यादीत ते असते, नाव बहुधा ‘चलन’, ‘आरटीओ’ किंवा ‘सिस्टिम सर्व्हिस’सारखे. ‘अनइन्स्टॉल’ दाबता येत नसेल तर त्याने डिव्हाइस ॲडमिन किंवा ॲक्सेसिबिलिटीची परवानगी घेतली आहे. आधी तिथून ती काढा. पडदा आपोआप मागे जात असेल तर फोन सेफ मोडमध्ये सुरू करा. त्यात बाहेरून टाकलेली ॲप चालत नाहीत, तिथून काढता येते. ‘डिफॉल्ट एसएमएस ॲप’ कोणते आहे तेही तपासा. तरीही आमचे मत स्पष्ट आहे, फोटो आणि नंबर काढून घ्या आणि फॅक्टरी रिसेट करा. एकदा एवढ्या परवानग्या मिळालेल्या ॲपने मागे काय ठेवले हे घरबसल्या सांगता येत नाही. फोन पुन्हा सुरू केल्यावर स्टार-हॅश-२१-हॅश डायल करून कॉल फॉरवर्ड चालू नाही ना ते बघा. असेल तर हॅश-हॅश-००२-हॅशने बंद होते. व्हॉट्सॲपमधली ‘लिंक्ड डिव्हायसेस’ची यादीही तपासा. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या फोनवरून, रिसेटच्या आधी या फोनवर नाही.

हे ॲप एवढे घातक का, ते समजून घ्या. यूपीआय नव्या फोनवर सुरू करताना तुमच्या सिमवरून एक एसएमएस बँकेकडे जातो आणि नंबर तुमचाच असल्याचे त्यावरून ठरते. ॲपला एसएमएस पाठवण्याची परवानगी मिळाली असेल तर तो एसएमएस तुमच्या नकळत तुमच्या सिमवरून जातो आणि यूपीआय चोराच्या फोनवर सुरू होते. त्याला पुढे नवा पिन करायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदतीची तारीख आणि ओटीपी लागतो. म्हणून ‘चलनाचा १ रुपया भरा’ असे पान दाखवून कार्डाचे आकडे विचारतात. रुपयाशी त्यांना काही देणेघेणे नसते.

चलन खरेच आहे का हे परिवहन खात्याच्या किंवा महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन वेबसाइटवर गाडीचा नंबर टाकून कळते. सरकारी खाते व्हॉट्सॲपवर एपीके (फोनमध्ये ॲप इन्स्टॉल करणारी) फाइल पाठवत नाही. लग्नपत्रिका आणि वीज तोडण्याची नोटीसही एपीकेमध्ये येत नाही. सेटिंग्जमध्ये ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’ शोधा आणि व्हॉट्सॲप, ब्राउझर, फाइल मॅनेजर तिघांची परवानगी बंद करा. घरातल्या प्रत्येक फोनवर करा, आई-आजींच्या आधी.

पैसे गेलेच तर भरपाईचे काय? रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिलेला हिशेब असा. बँकेची चूक असेल तर ग्राहकावर बोजा नाही. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा प्रकरणात बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर ग्राहकाला शून्य भुर्दंड. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवले तर साध्या बचत खात्यासाठी जास्तीत जास्त ₹१०,०००. ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पिन दिला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. सहकारी बँकांसाठीही तशाच सूचना त्याच वर्षी निघाल्या. तक्रार लेखी करा आणि तारीख-वेळेसह पोच घ्या. पुढचा सगळा वाद त्या वेळेवरच ठरतो.

प्रश्न : माझी बँक दर ९० दिवसांनी पासवर्ड बदलायला लावते आणि पेस्टही करू देत नाही. हे खरेच सुरक्षित आहे? आणि एसएमएसवरच्या ओटीपीचे काय?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, गडहिंग्लज

नाही, दोन्ही नियम नुकसान करतात. सारखा बदलायला लावले की माणूस शेवटचा आकडा एकाने वाढवतो, एवढे चोरालाही माहीत आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानके ठरवणाऱ्या संस्थेने २०१७ मध्येच आपल्या मार्गदर्शक सूचनांत लिहिले की ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये, फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच बदलावा. एक मोठे अक्षर, एक चिन्ह असल्या अटी घालू नयेत. पेस्ट करू द्यावे. आणि पूर्वी फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी ताडून पाहावे. लांबी महत्त्वाची.

पेस्ट अडवणे तर उलटच काम करते. पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड साठवून ठेवणारे ॲप, साइटचा पत्ता ताडूनच पासवर्ड भरतो. पान दिसायला कितीही हुबेहूब असले तरी पत्ता वेगळा असेल तर तो भरत नाही. थकलेल्या माणसाच्या डोळ्यांना जे दिसत नाही ते त्याला दिसते. पेस्ट आणि ऑटोफिल बंद करून बँक ही राखण काढून घेते आणि ग्राहकाला सोपा, आठवणारा पासवर्ड ठेवायला भाग पाडते.

तू स्वतः साइट करशील तेव्हा पासवर्ड साठवू नकोस, त्याचा हॅश, म्हणजे ज्यावरून मूळ पासवर्ड परत काढता येत नाही असा ठसा, साठव. एमडी५ आणि साधा एसएचए२५६ या कामाला चालत नाहीत, ते फार वेगवान आहेत. मुद्दाम संथ बनवलेले आर्गॉन२ किंवा बीक्रिप्ट घे. कुठलीही साइट ‘पासवर्ड विसरलो’ म्हटल्यावर तुझा जुना पासवर्डच ई-मेलने पाठवत असेल तर तिने तो परत वाचता येईल असा साठवला आहे. तिथला पासवर्ड इतर कुठेही वापरत असशील तर लगेच बदल.

एसएमएसवरच्या ओटीपीबद्दलही तू विचारले आहेस. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांनी दोन घटकांची तपासणी कायम ठेवली आहे, पण दुसरा घटक एसएमएसच हवा असे नाही. ॲपमधली मंजुरी, बोटाचा ठसा असे पर्याय बँका देऊ शकतात, आणि हे १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे. सोय आली की घे. सिम बदलून ओटीपी पळवण्याचा मार्ग त्याने अरुंद होतो. फोनची रेंज अचानक गेली आणि शेजाऱ्याच्या त्याच कंपनीच्या फोनला आहे, तर दुसऱ्या फोनवरून लगेच कंपनीला विचार, तुझे सिम कोणी बदलून घेतले आहे का.

प्रश्न : आमच्या नागरी सहकारी बँकेत सॉफ्टवेअर देणारी कंपनी ‘फायरवॉल आहे, काळजी नको’ म्हणते. आम्ही संचालक तंत्रज्ञ नाही. नेमके काय विचारावे?
— संचालक, कोल्हापूर

संचालकाने विचारायचा पहिला प्रश्न असा : ‘आपल्या खातेदाराने एटीएममधून पैसे मागितले तर हो कोण म्हणते, आणि त्याने हो म्हटल्याचे आपल्या खतावणीला किती वेळात कळते?’

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे प्रकरण त्यासाठी समजून घ्या. एटीएममधली मागणी आधी बँकेच्या स्विचकडे, म्हणजे कार्डाचे व्यवहार पुढे पाठवणाऱ्या यंत्रणेकडे येते, स्विच कोअर बँकिंगला, म्हणजे खातेदारांची खतावणी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला, शिल्लक विचारतो आणि मग मंजुरी देतो. ऑगस्ट २०१८ मध्ये चोरट्यांनी मालवेअरच्या मदतीने या मार्गातच आपला बनावट स्विच बसवला. कोअर बँकिंगला न विचारताच मंजुरी मिळू लागली. शनिवार, ११ ऑगस्टला बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. भारतातही निघाले, त्यात आपल्या कोल्हापूरची एटीएमही होती. सोमवारी, १३ ऑगस्टला स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश-जाळ्यावरून आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगला गेले. एकूण आकडा ९४ कोटींच्या घरात. खातेदारांच्या शिलकीत मात्र यातले काही दिसत नव्हते, कारण खतावणीला कोणी विचारलेच नव्हते.

म्हणून स्विचने दिलेल्या मंजुऱ्या आणि कोअर बँकिंगमधल्या नोंदी यांचा मेळ दिवसाअखेर नव्हे, दिवसभर चालू हवा. फरक दिसला तर मध्यरात्री आणि सुट्टीच्या दिवशीही कोणाच्या तरी फोनवर घंटा वाजली पाहिजे. त्या माणसाला स्वतःच्या अधिकारात एटीएमचा व्यवहार थांबवता आला पाहिजे, अध्यक्षांचा फोन लागेपर्यंत थांबायला नको. जोडसुट्ट्या आल्या की जागता माणूस नेमा.

पुढचा प्रश्न कंपनीच्या माणसांचा. दुरून लॉगिन कोण करतो, प्रत्येकाचा वेगळा आयडी आहे की एकच ‘ॲडमिन’ सगळे वापरतात, आणि काम झाल्यावर ते दार बंद होते का? जुलै २०२४ च्या अखेरीस लहान बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा, हल्ला झाला. एनपीसीआयने तिला आपल्या जाळ्यापासून तोडले आणि सुमारे ३०० सहकारी व ग्रामीण बँकांचे यूपीआय आणि इतर पेमेंट काही काळ थांबले. त्या बँकांनी स्वतः काही चुकीचे केले नव्हते.

बॅकअपबद्दल ‘घेतो’ हे उत्तर स्वीकारू नका. शेवटचा बॅकअप वेगळ्या सर्व्हरवर परत चढवून बघितल्याची तारीख आणि त्याला लागलेले तास मागा. एक प्रत जाळ्यापासून पूर्ण तोडलेली हवी, कारण रॅन्समवेअर जोडलेल्या प्रतीही कुलूपबंद करते. सुरक्षा-तपासणी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीतल्या ऑडिटरकडून करून घ्या, ज्याने सॉफ्टवेअर दिले त्याच्याकडून नाही. मागच्या अहवालातल्या गंभीर त्रुटींपैकी किती अजून उघड्या आहेत हे दर बैठकीत टेबलावर येऊ द्या. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. सहा तासांत कोण कळवणार, त्याचे नाव आजच कागदावर लिहा. ते लॉग त्याच सर्व्हरवर ठेवले असतील तर घुसलेला माणूस जाताना ते पुसून जाईल, म्हणून ते वेगळ्या यंत्रावर, फक्त भर घालता येईल आणि खोडता येणार नाही असे ठेवायला सांगा.